चंद्रप्रभा टॉकीजची उजवी बाजू

भीमराज साळवे यांनी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर थेटरं मोजायला घेतली. जमीन मोजताना भाऊ भावाच्या अंगावर धावून जायचा. थेटर मोजताना मात्र समोरचा माणूस हमखास चहा पाजायचा आणि चहाबरोबर एखादी थापही. भीमराजना दोन्ही गोड लागायचं.

नगर जिल्ह्यात (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण एसटीत कंडक्टरकडं अजून ‘नगर द्या एक’ असंच तिकीट मागतात) एके काळी कुठं कुठं टॉकीज होत्या, त्या नेमक्या कोणत्या जागेवर उभ्या होत्या आणि पुढं त्यांचं काय झालं, हे सगळं ते एका जाड वहीत उतरवत. एका पानावर हातानं काढलेला नकाशा, उत्तरेचा बाण, शेजारच्या पानावर हकीकत. शेवगावकडच्या एका टॉकीजची कांद्याची चाळ झाली होती. तिथला राखणदार शपथेवर सांगायचा, की बाल्कनीतला कांदा खालच्या कांद्यापेक्षा महिनाभर जास्त टिकतो, कारण त्याला वरच्या दर्जाची सवय लागलीय. सुप्याकडं एका टॉकीजमधला पंखा इतका सावकाश फिरायचा, की चिमण्यांनी पात्यावर घरटं बांधून दोन विणी काढल्या. ती पिल्लं उडायला शिकली ती गोल गोलच उडायची म्हणे. आता तिथं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आणि चिमण्या सरळ उडतात. आणखी एका गावात खलनायकावर दर खेळाला इतक्या चपला पडत, की मालकानं शेजारी चपलांचं दुकान टाकलं. टॉकीज जाऊन वीस वर्षं झाली. दुकान झकास चाललंय.

“अहो, यातलं खरं किती?” सत्यशीलाबाईंनी विचारलं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि अजूनही नवऱ्याची वही लाल पेन घेऊनच वाचायच्या.

“जागा खरी असली म्हणजे झालं,” भीमराज म्हणाले. “हद्द मी मोजली. हद्दीच्या आत कोण काय पिकवतो, ते त्याचं त्यानं पाहावं.”

“सगळ्या जिल्ह्याच्या हद्दी मोजल्यात. तुमचं स्वतःचं पान मात्र कोरंच.”

हे बोलणं भीमराजना लागायचं, कारण ते खरं होतं. वहीचं पहिलंच पान त्यांनी एका टॉकीजसाठी राखून ठेवलं होतं. तिचं नाव चंद्रप्रभा टूरिंग टॉकीज. ती तंबूची टॉकीज होती. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं करंजलवण नावाचं गाव आहे, तिथल्या बाजारतळावर ती दर हिवाळ्यात उभी राहायची. भीमराजचा जन्म त्या टॉकीजमध्ये झाला होता. निदान त्यांची आई मनकर्णा तसं सांगायची.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जून होती. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती, कारण गुरुजींना तेवढीच तारीख ठाऊक होती. त्याचं भीमराजना काही वाटत नसे. पण जागेचं वाटायचं. आई-वडील पाटाच्या कामावरचे मजूर. काम जिकडं सरकेल तिकडं त्यांचं पाल सरकायचं. नावावर कधी गुंठाभर जमीन आली नाही. भीमराजनी लोकांचे हजारो एकर मोजले, आणि आपल्या माणसांचा म्हणून कुठं पाय ठेवावा अशी या पृथ्वीवर एकच जागा होती: त्यांची नाळ पुरली होती ती. वीतभर असेल, पण होती.

“पडद्याच्या उजव्या अंगाला चिंच हुती,” आई सांगायची. “तिच्या बुंध्याशी तुजी नाळ पुरली. सिनेमा चालूच हुता.”

आई होती तोवर भीमराज हसून सोडून द्यायचे. ती गेल्यावर अकरा वर्षं हे वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं. भिंतीवर तिचा एकच फोटो होता आणि त्यातही पदर उजव्या खांद्यावर. निगेटिव्ह उलटं छापलं म्हणून भीमराज फोटोवाल्याशी भांडायला गेले, तेव्हा त्यानं फोटोतल्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. साडेदहा वाजले होते आणि आकडे अगदी सरळ होते. पदरच तसा होता. डोक्यावर पाट्या वाहून बाईला तशी सवय लागली असेल, असं म्हणून भीमराजनी विषय संपवला.

डिसेंबरात एका सकाळी टेप, वही आणि डबा घेऊन ते राहुरीहून वडापच्या जीपनं करंजलवणाला उतरले.

पाण्याच्या टाकीखाली ऊन खात बसलेले कोंडीराम त्यांना पहिल्याच फटक्यात सापडले. वय ब्याऐंशी, डोक्याला मफलर, आणि तोंडात चंद्रप्रभाच्या इतक्या गोष्टी की त्यांना दात ठेवायला जागा उरली नव्हती.

“चंद्रप्रभा? आवो, तिचा पडदा मी धुतलाय,” कोंडीराम म्हणाले. “ह्याच पाटात. धुताना हिरोइनीचा रंग उतरला, आन खालच्या गावाच्या बाया आठ दिस गुलाबी पानी भरीत हुत्या.”

“पण तेव्हा सिनेमे काळे-पांढरे होते ना?”

“म्हनून तर फिका उतरला.”

भीमराजनी ते लिहून घेतलं. मग कामाचं विचारलं. पडदा कुठं होता?

“तुमी हुबं हाय तितंच. टाकी आत्ता झाली. ह्या दोन खांबांच्या जागी दोन वासं आन मधी पडदा. मान्सं मावळतीला बसायची, तोंड उगवतीला. मालक कानिफनाथशेठ, त्यो स्वता मशिनीपाशी. लई चिकट. बिडीचं थोटूकबी दोन मान्सांत वाटायचा.”

“आणि बायका?”

“बाया पल्याड.”

भीमराजनी वहीत लिहिलं: मधोमध दोरी, दोरीच्या पलीकडे बायका. जिल्ह्यातल्या बाकी तंबूंत तसंच असायचं. पाहणाऱ्याचं तोंड पूर्वेला म्हणजे उजवा हात दक्षिणेला. त्यांनी दक्षिणेचा बाण काढला आणि विचारलं, “मग या हाताला चिंचेचं झाड होतं का?”

“झाडं लई हुती,” कोंडीराम म्हणाले. “कुठलं कुठं, ते आता ध्यानात न्हाई.” एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांना थाप मारता आली नाही.

भीमराज टेप घेऊन रस्त्याच्या दक्षिण बाजूला गेले, आणि तिथंच घोटाळा झाला.

करंजलवणात टेप घेऊन अनोळखी माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला, की त्याचा एकच अर्थ होतो. रस्ता रुंद होणार, जागा जाणार, आणि जाणाऱ्या जागेत जे जे उभं असेल त्याचा मोबदला मिळणार. त्यातही झाडाला चांगला मिळतो. आणि हा माणूस तर आल्या आल्या झाडच विचारत होता.

“इथं पूर्वी चिंच होती का हो?” त्यांनी कृषी सेवा केंद्रात विचारलं.

दुकानदार समर्थ, तरणा पोरगा, खताच्या गोणीवरून ताडकन उठला. “होती ना साहेब! एक कशाला, तीन होत्या. एक आंबापण होता, कलमी. बसा ना. चहा का कॉफी?”

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सात चिंचा सांगितल्या. त्याच्या पलीकडच्या प्लॉटमध्ये तर म्हणे चिंचेचं बनच होतं, दिवसा आत जायची भीती वाटायची. प्लॉट दीड गुंठ्याचा होता.

“अहो, मी रिटायर झालोय,” भीमराज काकुळतीनं म्हणाले. “हे माझं खासगी काम आहे.”

“कळलं साहेब,” गिरणीवाला डोळा बारीक करून म्हणाला. “आजकाल सरकार रिटायरच मान्सं पाठवतंय. कंत्राटी.”

आठ दिवसांनी भीमराज पुन्हा आले तेव्हा रस्त्याची दक्षिण बाजू त्यांना ओळखूच येईना. रोपवाटिकेतून आणलेली चिंच, आंबा, नारळ आणि एक चंदन अशी बाग उभी राहिली होती. एका आंब्याला भर डिसेंबरात प्लास्टिकची चार फळं सुतळीनं बांधलेली होती. समर्थनं तर एका जुनाट बाभळीच्या खोडावर पाटी ठोकली होती: ‘चिंच (जुनी)’. गावाला इतकी हिरवळ साठ वर्षांत दिसली नव्हती. शेळ्या कासरे तोडून तिकडं धावत होत्या. म्हणतात की त्या आठवड्यात करंजलवणाचं दूध एक लिटरमागं पावशेर वाढलं.

भीमराजनी सगळ्या साक्षी एकत्र केल्या. कागदावर चिंचा तेवीस भरल्या, जमिनीवर खरी जुनी एकही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटे साक्षीदार पुष्कळ पाहिले होते. पण ते झाड नाकारणारे असत. सगळेच हो म्हणाले तर माणसानं करायचं काय? ते टाकीखाली येऊन बसले आणि डबा न उघडताच मांडीवर धरून राहिले.

कोंडीराम म्हणाले, “साहेब, खरं बोला. काय धुंडताय? गुप्तधन?”

“माझी नाळ,” भीमराज म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आई, पाटाचं काम, पडदा, चिंच. बोलताना त्यांना स्वतःलाच ते एखाद्या थापेसारखं वाटायला लागलं. पण कोंडीरामना थापांची पारख होती. ही तसली नाही, हे त्यांना कळलं.

“ह्ये मान्सांना इचारून भागायचं न्हाई,” ते काठी टेकून उठले. “मान्सं सिनेमा बगत हुती. चला. आमची थोरली वैनी हाय.”

चांगुणाबाई शहाऐंशी वर्षांच्या. अंगणात पोत्यावर बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांची नातसून रेश्मा दारात आली, तिनं पाहुण्यांना खुर्ची दिली आणि आजीच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, “आजी, सिनेमाचं इचाराया आलेत!”

“वरडू नगंस, ऐकू येतंय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “काय इचारतोस बाबा?”

“मावशी, चंद्रप्रभा टॉकीज आठवते का?”

“न आठवाया काय झालं? लगीन झाल्याव पैलं काय बगितलं आसंल तर त्येच. दर बाजारी जायाचे. हिरो चांगला हुता दिसाया. पर डावरा.”

“डावरा म्हणजे?”

“डाव्या हातानं जेवायचा. डाव्या हातानंच हानायचा. तवाचे समदे हिरो डावरेच हुते की. आताचे उजवे झालेत, म्हनून त्यांच्या मारामारीत दम न्हाई.”

कोंडीराम फसकन हसले. “वैनी, काय बी काय? चांगला उजव्या हाताचा हुता. मी सोता बगितलाय.”

“तू काय बगनार? तू बिड्या वडत हुतास.”

“मी पडदा धुतलाय!”

“धुतलास, आन मळका केलास. दुसऱ्या आठवड्याला हिरोइनीच्या तोंडाव डाग हुता.”

भीमराज दिराभावजयीच्या या भांडणाकडं लक्ष देत नव्हते. ते चांगुणाबाईंच्या खांद्याकडं पाहत होते. शेंगा सोलताना पदर सरकला होता आणि त्यांनी तो पुन्हा नीट घेतला. उजव्या खांद्यावर.

“मावशी,” ते हळू आवाजात म्हणाले, “पदर या खांद्यावर का घेता?”

म्हातारी लाजली. शहाऐंशीव्या वर्षी बाई लाजली की घरातल्यांना कळत नाही कुठं पाहावं. रेश्मा तुरीच्या शेंगांकडं पाहायला लागली.

“फॅशन हुती ती,” चांगुणाबाई म्हणाल्या. “शिनेमातली बाई आसाच घ्यायची. उजव्या खांद्याव. आमी गावातल्या समद्या तरण्या बायांनी तसाच घेतला. सासवा बोंबलल्या, पर आमी काय बदलला न्हाई. आता समद्या गेल्या. मी एकली ऱ्हायले तसा घेनारी.”

“तुम्ही बसायचा कुठं?”

“बाया पल्याड.”

“दोरीच्या पलीकडं?”

“दोरी कशाची? पडद्याच्या पल्याड. मान्सं म्होरनं बगायची, आमी मागनं. कानिफनाथशेठ लई हुशार, एकाच पडद्यात दोन टॉकीज चालवायचा.”

भीमराजनी वहीतली दोरी खोडली. कापडाचा पडदा, दोन्ही बाजूंनी दिसणारा. पुढून पाहणाऱ्याला जे उजवं, ते मागून पाहणाऱ्याला डावं. म्हणून हिरो डावरा. म्हणून सगळ्या गावच्या बायकांचा पदर चुकीच्या खांद्यावर गेला, आणि त्यांच्या आईचाही गेला, आणि फोटोवाल्याशी ते उगीच भांडले. पडद्यावरची अक्षरंही उलटी येत असणार. पण ती सरळ आली असती तरी त्या बायकांना वाचायला कुणी शिकवलं होतं?

आणि आईनं सांगितलेली उजवी बाजू. ती आईची उजवी बाजू होती. पडद्याच्या मागून, तोंड पश्चिमेला करून बसलेल्या बाईची. तिचा उजवा हात उत्तरेला.

“मी दोनदा मोजलं,” भीमराज म्हणाले. “दोन्ही वेळा भलत्या अंगाला. मी पुरुषांच्या जागेवर उभा राहून मोजत होतो.”

“तू कुनाचा?” चांगुणाबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“मनकर्णाचा. पाटाच्या कामावर होती ती.”

चांगुणाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या नजरेत ओळख नव्हती. मोजमाप होतं. मग त्या रेश्माला म्हणाल्या, “च्या ठेव गं,” आणि ती आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. तिला ऐकू गेलं असतं तरी आता काही बिघडणार नव्हतं, पण पासष्ट वर्षांची सवय होती.

“तुजी आय माज्या शेजारी बसली हुती. पोट ह्ये एवडं. तिकीट काढलं की पडद्यामागं कोन कुनाचं, कोन इचारीत न्हवतं. अंधारच आसायचा. तिच्या पोटात कळ आली तवा मारामारी चालू हुती, तिचं वरडनं कुनाला ऐकूच गेलं न्हाई. मी आन आनकी दोघींनी तिला चिंचंखाली नेली. मी गाई सोडवल्या हुत्या माह्यारी, बाई सोडवली न्हवती. कानिफनाथशेठला सांगावा धाडला, खेळ थांबव. त्यो म्हनला, थांबवला तर मान्सं तंबू फाडतेन.”

“मग उजेड?”

“पडद्याचाच. हिरो रातचा बागंत गेला की आमाला काय बी दिसंना. हिरोइन दिवसा गायाला लागली की लख्ख. मी म्हनायचे, गा बाई, गा, थांबू नगंस. त्या गान्यात तू भाईर आलास. गानं लांबलचक हुतं म्हनून बरं.”

बाईनं कोंडीरामवर मात केली होती, आणि ती खरं बोलत होती, हे त्याहून वाईट.

“बाजारातनं नवा इळा घेतला हुता, त्यानं नाळ कापली,” चांगुणाबाई म्हणाल्या. “माज्या हातानं पुरली. घरी गेले तर लुगडं रगतानं भिजलेलं. सासूला म्हनलं, पाटाकडंला गाय अडली हुती, हात घालावा लागला. खरं सांगितलं आसतं तर तिनं मला घरात घेतली नसती. पाटावरच्या बाया तवा भीमनगरात पालं टाकून ऱ्हायच्या. तुमच्यातल्या बाईला हात लावला म्हनल्याव…” त्यांनी हात हवेत झटकला. “गाय सांगितली तरी तिनं दारातच आंगूळ घातली. डिसेंबराचंच पानी.”

“आईनं तुमचं नाव कधीच घेतलं नाही,” भीमराज म्हणाले.

“मीच म्हनलं हुतं, माजं नाव घेऊ नगंस. ती म्हनली, पोराला जागा तरी सांगीन की. म्हनलं, जागा सांग.” चांगुणाबाईंनी डोळे पुसले नाहीत, पण पदर पुन्हा एकदा नीट केला. “शब्दाची पक्की निगाली. हाय का?”

“अकरा वर्षं झाली.”

“आसू दे.” त्या चहा घेऊन आलेल्या रेश्माच्या आधारानं उठल्या. “चल, दावते. ती पट्टी गुंडाळून ठिव, तिचा काय उपेग न्हाई.”

उत्तरेच्या बाजूला भीमराज एकदाही गेले नव्हते. तिथं मंगल कार्यालय होतं आणि आज त्यात लग्न होतं. कमानीवर नवरानवरीचे फोटो, आत पाचशे माणसं, स्पीकरवर एक मामा दुसऱ्या मामाला स्टेजवर बोलवत होता. कोंडीराम पुढं होऊन सगळ्यांना “सरका, सरका” म्हणत वाट करत होते, जणू मुलीचा बाप तेच. चांगुणाबाईंनी भीमराजचं मनगट धरलं होतं. त्या टाकीकडं पाठ फिरवून निघाल्या आणि पावलं मोजत नव्हत्या. मधे एकदा थांबल्या, जेवणाच्या मांडवाकडं पाहिलं, मान हलवली आणि थोड्या डावीकडं वळल्या.

“चिंच कधी तोडली?” भीमराजनी विचारलं.

“कार्यालय बांधलं तवा. पर पार ठिवला. बायांना बसाया लागतो.”

स्टेजसमोर पुरुषांच्या खुर्च्या होत्या. त्यांच्या मागं, भिंतीच्या आडोशाला, सिमेंटचा गोल पार होता. त्यावर निळ्या फरश्या बसवलेल्या, आणि मधोमध, जिथं झाडाचं खोड असायला हवं, तिथं तुळस लावलेली. पारावर दहा-बारा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आहेराची पाकिटं, मांडीवर पेंगणारी पोरं. स्टेज तिथून अर्धंच दिसत होतं, पण त्यांचं चांगलं चाललं होतं.

“हितं,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि पाराच्या उगवतीच्या कडेला काठीनं टोचलं. एका बाईनं दचकून पाय वर घेतला. “ह्याच्या खाली. हातभर खोल. कुत्र्यानं उकरू नये म्हनून वर दगड ठिवला हुता.”

भीमराजना वाटलं होतं की जागा सापडली की काहीतरी होईल. वाकून मातीला हात लावावा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण माती दिसत नव्हती, फरशी होती, आणि त्या फरशीवर कुणाची तरी लाल पिशवी होती. त्यांनी पिशवी हळूच सरकवली आणि तिथं बसले. फरशी उन्हानं कोमट झाली होती. शेजारी चांगुणाबाई बसल्या. कोंडीराम जेवणाच्या रांगेचा अंदाज घ्यायला निघून गेले.

भीमराजच्या दुसऱ्या बाजूला एक तरणी बाई बसली होती, मांडीवर तीन-चार महिन्यांचं बाळ. तिनं या म्हाताऱ्या पाहुण्याकडं निरखून पाहिलं.

“बाबा, तुम्ही मुलीकडचे का मुलाकडचे?”

भीमराजनी उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी स्पीकरवर ‘सावधान’ झालं. सगळी माणसं उठून उभी राहिली. बायका पारावरून अक्षता घेऊन पुढं सरकल्या. त्या बाईनं एकदा स्टेजकडं पाहिलं, एकदा बाळाकडं, आणि मग ते भीमराजच्या मांडीवर ठेवून दिलं.

“कुणाकडचे का असेना,” ती म्हणाली, “हे जरा धरा. माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे लग्न.”

आणि ती गर्दीत घुसली.

बाळानं डोळे उघडले, भीमराजच्या चष्म्याकडं बघितलं, आणि रडावं का नाही याचा विचार सुरू केला. भीमराज ताठ बसून राहिले. आजवर त्यांनी हातात धरलेली कुठलीच गोष्ट अशी हलत नव्हती. डोक्यावरून अक्षता येत होत्या, त्यातल्या काही नवरानवरीला लागत होत्या आणि बऱ्याचशा पारावर पडत होत्या.

“मान धर, मान,” चांगुणाबाई म्हणाल्या. “नुसता बगत काय बसलास?”

त्यांनी बाळाच्या मानेखाली हात घातला. मग ते रडलं नाही.